सोव्हिएट राज्याच्या अंतानंतरच्या साक्षी : एक परीक्षण

सोव्हिएट संघ २६ डिसेंबर १९९१ रोजीं विसर्जित झाला. त्यापुढील वीस वर्षांत तेथील सामान्य माणसाच्या संसारावर व मनावर काय परिणाम झाला, हें त्याच्याच तोंडून वदविण्याचा उद्योग बेलारुसच्या श्रीमती स्वेतलाना अलेक्सिएविच यांनीं केला. त्याचें फळ म्हणजे त्यांचा ‘सेकंड-हँड टाइम’ हा ग्रंथ. मूळ रशियन ग्रंथ २०१३ सालीं निघाला. २०१५ सालीं लेखिकेस नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्याचा बोलबाला सर्वत्र झाला. वाङ्मय म्हणून त्याची स्तुति पुष्कळ झाली आहे. ती येथें पुनः करण्याचें प्रयोजन नाहीं. इतिहासाचें साधन म्हणून त्याचा दर्जा कोणता, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

२ जानेवारी १९९२ रोजीं रशियांत बहुतेक जिनसांच्या भावांवरील सरकारी निर्बंध उठले, आणि त्या एका वर्षांत भाव सुमारें २६ पट चढले. जन्मभर सांठविलेली शिल्लक मातीमोल झाली. त्याच सालच्या ऑक्टोबरापासून दरडोई १०,००० रुबलांचें व्हौचर वाटून सरकारी कारखान्यांची मालकी प्रजेंत पसरविण्याचा प्रयोग सुरू झाला. हे आंकडे दप्तरांत कोणासही सांपडतील. परंतु स्वयंपाकघरांत रात्र रात्र बसून ग्रंथांविषयीं व स्वातंत्र्याविषयीं बोलणाऱ्या सुशिक्षितांस, पैसा हेंच माणसाचें माप झाल्यावर काय वाटलें, हें दप्तर सांगत नाहीं. तें हा ग्रंथ सांगतो, व येथें त्यास तोड नाहीं. पक्षाची जुनी कार्यकर्ती, जाहिरातीच्या धंद्यांत वर आलेली तरुणी, बाकूहून परागंदा झालेली आर्मेनियन स्त्री, मॉस्कोंत राबणारे ताजिक मजूर, असे नाना थरांतले साक्षीदार बाईंनीं मिळविले आहेत.

संशोधकास सर्वांत समाधान देणारें प्रकरण मार्शल अखरोमेयेव्ह यांच्यावरील होय. ऑगस्ट १९९१ मधील बंड फसल्यावर या वृद्ध सेनापतीनें २४ तारखेस क्रेमलिनमधील आपल्या कचेरींत आत्महत्या केली. येथें चौकशीच्या कागदांतील उतारे व वृत्तपत्रांतील मजकूर लोकांच्या बोलण्याशेजारीं ठेविला आहे. त्यामुळें एकानें दुसऱ्याची पारख होते.

इतरत्र ही सोय नाहीं. साक्षीदाराचें नांव, धंदा, वय दिलेलें असतें. संभाषण कोणत्या दिवशीं झालें, हें बहुधा नसतें. १९९१ ते २००१ व २००२ ते २०१२ असे दोन ढोबळ भाग पाडले, कीं कालनिर्णय संपला! स्टालिनविषयीं हळहळणारा वृद्ध १९९२ च्या महागाईंत बोलत आहे, कीं १९९८ च्या ऑगस्टांत सरकारनें देणीं थकविल्यावर, कीं पुढें राज्यकर्त्यांनींच जुन्या वैभवाचे गोडवे गाण्यास आरंभ केल्यावर? पहिल्या प्रसंगीं तो भुकेचा उद्गार ठरेल, तिसऱ्या प्रसंगीं शिकवणुकीचा. हा भेद पुसला गेल्यामुळें, रशियन प्रजेस जुलमी धनीच आवडतो, असा निष्कर्ष या ग्रंथावरून काढण्याचा मोह सहज होतो. तो निष्कर्ष एवढ्या पुराव्यावर टिकणार नाहीं. शिवाय बाईंनीं आपले प्रश्न बहुतेक गाळले आहेत. उत्तर प्रश्नाच्या वळणानें वळतें, हें जबान्या वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

ही शंका निराधार नाहीं. अफगाण युद्धावरील बाईंच्या पूर्वीच्या ग्रंथांतील कांहीं साक्षीदारांनीं, आमचें बोलणें विपरीत केलें, म्हणून १९९२-९३ सालीं मिन्स्क येथें त्यांजवर फिर्यादी केल्या होत्या. स्त्री-सैनिकांवरील ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतही मजकुराचा फरक आढळतो. खटल्याचे कागद बाईंनीं पुढील आवृत्तींत स्वतः छापले, ही गोष्ट मात्र त्यांस भूषणावह आहे.

आम्ही बखर फेकून देत नाहीं. ती कोणीं, केव्हां, कोणासाठीं लिहिली हें ठरवून मग तिला बोलूं देतों. तोच न्याय येथेंही लागू करावा. मूळ ध्वनिमुद्रिका व टिपणें तारीखवार लावून एखाद्या ग्रंथसंग्रहांत अभ्यासकांस खुलीं करणें, हा खरा उपाय होय. तोंपर्यंत ज्या साक्षीस प्रसंगानेंच काळाची मर्यादा घातली आहे, ती अधिक धरावी. ग्रंथाच्या अखेरीस १९ डिसेंबर २०१० च्या मिन्स्कमधील निदर्शनांत पकडल्या गेलेल्या विद्यार्थिनीची हकीगत आहे, ती या जातीची.