पत्त्याची उपमा कुठे अपुरी पडते? वनस्पतिपेशीतील प्रथिनांची आयात आणि विघटन

पेशीजीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत प्रथिनांच्या आयातीची एक ठरावीक आकृती असते. पेशीद्रव्यातील रायबोसोमवर पूर्वप्रथिन तयार होते. त्याच्या अमिनो टोकाला संकेत-पेप्टाइड असते. अंगकाच्या बाह्य पटलावरील ग्राहक ते ओळखतो, प्रथिन आत जाते, कात्रीचे चिन्ह येते, संकेत छाटला जातो आणि आकृती तिथेच संपते. या संकेताला वर्गात ‘पत्ता’ किंवा ‘पिनकोड’ म्हणतात. या टिपणात आपण या उपमेची तपासणी करू. उपमा खोटी नाही, पण ती आयातीला विघटनापासून वेगळे करते, आणि वनस्पतिपेशीत या दोन क्रिया वेगळ्या काढता येत नाहीत.

प्रथम उपमेचे श्रेय मान्य करू. हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएवर प्रथिनांची शंभराहून कमी जनुके असतात, तर आत काम करणाऱ्या प्रथिनांची संख्या सुमारे ३,००० मानली जाते. म्हणजे बहुतेक प्रथिने बाहेरून येतात. १९७८ मध्ये च्युआ व श्मिट यांनी, तसेच हायफील्ड व एलिस यांनी, रुबिस्कोच्या लहान उपएककाचे पूर्वप्रथिन पूर्ण तयार झाल्यानंतरही वेगळ्या काढलेल्या हरितलवकांत शिरते, हे दाखवले. प्रथिनातच त्याच्या मुक्कामाचा संकेत असतो, या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इथवर पत्त्याची उपमा उपयोगी आहे.

पहिली अडचण वाचनाची. पिनकोडचे सहा अंक ठरलेले असतात. हरितलवकाच्या ट्रान्झिट पेप्टाइडला असा ठरलेला अनुक्रम नाही. त्यात सेरीन व थ्रिओनीन भरपूर आणि आम्लधर्मी अमिनो आम्ले कमी असतात. तंतुकणिकेच्या संकेतात धनभारित आर्जिनीन भरपूर असते आणि त्याची एका बाजूने जलस्नेही, दुसऱ्या बाजूने जलद्वेषी अशी सर्पिल रचना होऊ शकते. पण वनस्पतींत तंतुकणिकेच्या संकेतातही सेरीन बरेच असते, त्यामुळे दोन्ही संकेत एकमेकांसारखे दिसतात. मग चूक का होत नाही?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. वाटाण्याच्या पानांतून काढलेल्या केवळ तंतुकणिकांसमोर रुबिस्कोच्या लहान उपएककाचे पूर्वप्रथिन ठेवले, तेव्हा ते चुकीने तंतुकणिकांत शिरले. तंतुकणिका आणि हरितलवके एकाच मिश्रणात ठेवली, तेव्हा ते फक्त हरितलवकांत गेले. ग्लुटाथायोन रिडक्टेज मात्र दोन्ही पद्धतींत दोन्ही अंगकांत गेले, कारण त्याचा मुक्काम खरोखरच दोन्हीकडे असतो. पत्ता तोच, पण समोर पर्याय आहे की नाही यावर निकाल बदलला. म्हणजे संकेताचा अर्थ एकट्या संकेतात नसतो. तो दोन अंगकांच्या स्पर्धेतून ठरतो. एकाच अंगकावर केलेल्या प्रयोगातून मुक्कामाचा निष्कर्ष काढताना म्हणूनच सावध राहावे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. छाटलेला संकेत जातो कुठे? पाकिटावरचा पत्ता कागदावर पडून राहिला तरी घराला इजा होत नाही. इथे तसे नाही. पटलाशी संवाद साधू शकणारे हे पेप्टाइड आत साचले, तर पटलाची अखंडता बिघडवू शकते. म्हणून दोन्ही अंगकांत ‘प्रेप’ नावाचे जस्तयुक्त विकर असते. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याची दोन रूपे आहेत आणि दोन्ही रूपे तंतुकणिका व हरितलवक या दोहोंत पोहोचतात. दोन्ही जनुके निकामी केलेल्या रोपांची वाढ मंदावते आणि सुरुवातीच्या अवस्थेत पाने फिकट दिसतात. प्रेपनंतर उरलेले लहान तुकडे आणखी एक पेप्टिडेज तोडते. अशा रीतीने संकेताचे अमिनो आम्लांत विघटन होते. ज्या संकेताने प्रथिनाला आत आणले, तोच नष्ट करणे हे आयातीचेच शेवटचे पाऊल आहे.

तिसरी अडचण दाराबाहेरची. आत जाऊ न शकलेली पूर्वप्रथिने पेशीद्रव्यात साचली, तर तीही घातक ठरतात. त्यांना युबिक्विटिनची खूण लावून प्रोटिएसोमकडे पाठवले जाते. एवढेच नव्हे, तर दारही स्थिर नाही. २०१२ मध्ये हरितलवकाच्या बाह्य पटलावर ‘एसपी१’ हे युबिक्विटिन लायगेज सापडले. ते टॉक संकुलाच्या घटकांना खूण लावते, आणि ते घटक पटलातून ओढून काढून प्रोटिएसोममध्ये तोडले जातात. कोणत्या प्रकारचे ग्राहक दारात राहतील हे त्यावर अवलंबून असते, आणि रोपाची वाढ होताना लवकांचे स्वरूप बदलण्यातही त्याचा वाटा असतो. टपाल खात्याच्या उपमेत पत्रपेटीच तोडून नवी बसवण्याला जागा नाही.

मग उपमा टाकून द्यावी का? नाही. पहिल्या तासाला ती हवीच. पण दुसऱ्या तासाला आकृतीत तीन गोष्टी भरल्या पाहिजेत: दुसरे अंगक, छाटलेल्या संकेताचा शेवट आणि बाहेर राहिलेल्या प्रथिनाचा शेवट. त्या नसतील, तर प्रेपचे उत्परिवर्तन झालेले रोप फिकट का होते याचे उत्तर विद्यार्थ्याला देता येणार नाही, कारण त्याच्या आकृतीत त्या रोपाची आयात व्यवस्थितच चाललेली असते.

स्वतःला तपासण्यासाठी एक प्रश्न: एखाद्या प्रथिनाचा संकेत वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांत शिरतो, एवढ्या पुराव्यावर ते प्रथिन तंतुकणिकेचेच आहे असे तुम्ही लिहाल का? उत्तर ‘हो’ येत असेल, तर वरील वाटाण्याचा प्रयोग पुन्हा वाचा.