तिरक्या लाल रेघेचा माइक

2020च्या टाळेबंदीत शाळेच्या वर्गापासून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत सगळीकडे एक वाक्य ऐकू येऊ लागलं : ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात.’ ज्या बटणामुळे हे वाक्य घरोघरी पोचलं, ते झूमच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात असायचं. एक छोटा माइक आणि त्याखाली एक शब्द. गोंधळ झाला की लोक त्या बटणालाच नावं ठेवायचे. मला मात्र ते जितकं पाहावं तितकं आवडत गेलं. नखाएवढ्या जागेत त्याने किती अवघड गोष्ट साधली आहे, हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

संगणकावरचं त्याचं तेव्हाचं रूप आठवा. आवाज बंद असला की माइकवर तिरकी लाल रेघ आणि खाली शब्द ‘अनम्यूट’. आवाज चालू असला की रेघ गायब आणि खाली शब्द ‘म्यूट’. पहिल्या वाचनात चित्र आणि शब्द एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं. रेघ ‘बंद’ म्हणते आणि शब्द बरोबर उलटं बोलतो. पण त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. आत्ता काय आहे ते चित्र सांगतं, दाबल्यावर काय होईल ते शब्द सांगतो.

एकाच बटणाने चालू आणि बंद करायचं असलं, की ते रेखाटणाऱ्यापुढे हा पेच येतोच. चित्र स्थितीचं काढायचं की कृतीचं? याला सरसकट उत्तर नाही, आणि माइकच्या बटणाची थोरवी कळायची तर त्याच्याशेजारी गाण्याच्या ॲपमधलं बटण ठेवून पाहावं. गाणं वाजत असताना तिथे दोन उभ्या रेघा दिसतात, थांबलं की त्रिकोण दिसतो. म्हणजे तिथलं चित्र पुढची कृती दाखवतं, माइकच्या नेमकं उलट. तरीही तिथे कुणी अडखळत नाही, कारण गाणं चालू आहे हे कानांना आधीच कळलेलं असतं. स्थिती सांगायची जबाबदारी चित्रावर नाही, म्हणून ते कृती सांगायला मोकळं आहे.

माइकला ही सवलत नाही. आवाज बंद असो की चालू, बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं सारखंच ऐकू येतं. ते पलीकडे पोचतंय का, हे सांगणारं इंद्रिय माणसाला नाही. म्हणून चित्रालाच ते काम करावं लागतं. शेजारच्या कॅमेऱ्याच्या बटणावरही तीच रेघ होती, पण तिथे चुका कमी व्हायच्या. पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला, की कॅमेरा चालू आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा नियम घरच्या भिंतीवरही आहे. जिन्यातला दिवा वरून आणि खालून लावता येतो, तिथे टू-वे स्विच असतात. त्यांच्या खटक्याकडे पाहून दिवा चालू की बंद हे ठरवता येत नाही, कारण दुसऱ्या टोकाचा खटका कसा आहे यावर ते अवलंबून असतं. पण दिवा समोर दिसतो, म्हणून काही अडत नाही. गीझर मात्र न्हाणीघरात आणि त्याचा स्विच बऱ्याचदा बाहेर, म्हणून त्या स्विचवर लाल दिवा बसवतात. जिथे परिणाम दिसत नाही, तिथे बटणाने बोलायचं.

जुन्या कॅसेट प्लेअरला हा प्रश्न पडला नव्हता. प्लेची कळ दाबली की ती खालीच राहायची, बोट फिरवलं तरी कळायचं. काचेच्या पडद्यावर बटण सपाट झालं आणि कळ काय स्थितीत आहे हे हाताला कळेनासं झालं. जे काम पूर्वी लोखंडाची कळ करायची, ते आता चार-दोन रेघांवर आलं आहे. म्हणूनच या रेघांकडे बारकाईने पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता ती तिरकी रेघच घ्या. धूम्रपान निषेधाच्या पाटीवरून तिचा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. ती लाल आहे, पण फक्त लाल रंगावर विसंबलेली नाही. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही, त्यालाही रेघ दिसतेच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के लोकांना रंगांधळेपणाचा हा प्रकार असतो, तेव्हा ही साधी गोष्ट नव्हे. गूगल आणि ॲपल यांच्या चिन्हसंग्रहांतल्या बंद माइकमध्ये आणखी एक नाजूक काम आहे : रेघेच्या कडेला बारीक मोकळी फट सोडलेली असते. ती फट नसती तर लहान आकारात माइक आणि रेघ मिळून एकच गिचमिड झाली असती.

माइक चालू असताना तर या बटणाने कमालच केली आहे. तुम्ही बोलू लागलात की माइकच्या चित्रात हिरवा रंग आवाजाबरोबर वरखाली होतो. नुसतं ‘चालू’ म्हणणं वेगळं आणि तुमचाच आवाज पोचतोय याचा पुरावा देणं वेगळं. बंद माइकवर बोलू लागलात तर पडद्यावर सूचना येते, आणि स्पेसबार दाबून धरलात तर तेवढ्यापुरता आवाज सुरू होतो, सोडला की बंद. ॲपलमध्ये 1979 साली मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या 2000 सालच्या पुस्तकात अशा दाबून धरायच्या स्थितीची बाजू घेतली होती. दाबलेल्या बोटामुळे स्थिती विसरली जात नाही. मला तर हा स्पेसबार त्या चित्रापेक्षाही सरस वाटतो.

एक जागा मात्र खरोखर निसरडी आहे. ज्यांना पडदा दिसत नाही, ते स्क्रीन रीडरने बटणाचं नाव ऐकतात. चित्र आणि शब्द यांची ती सुंदर वाटणी तिथे उपयोगी पडत नाही, कारण चित्र ऐकू येत नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मार्गदर्शनात यावर उपाय आहे : बटण ‘दाबलेलं’ की ‘न दाबलेलं’ हे सांगायचं असेल, तर त्याचं नाव बदलू नये. दोन्ही एकदम बदललं तर ऐकणाऱ्याच्या कानावर ‘अनम्यूट, दाबलेलं’ असं काहीतरी पडतं, आणि माइक चालू की बंद याचा पत्ता लागत नाही.

मराठीत ॲप बनवणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. असं बटण तयार झालं की त्याचं स्थिर चित्र घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना दाखवा आणि ‘हे आत्ता चालू आहे की बंद?’ एवढंच विचारा. ते क्षणभरही थबकले, तर बटण परत रेखाटायला घ्या.