बोटांच्या ठशाची अपुरी उपमा

वर्णपट म्हणजे रेणूच्या बोटांचा ठसा, ही उपमा विज्ञान दिनाच्या भाषणांत हमखास भेटते. वाकडच्या वर्गांत आम्हीही ती वर्षानुवर्षे वापरली. ती चूक नाही. पण अपुरी आहे, असे आता वाटते. ठसा माणूस कोण ते सांगतो. तो उभा होता की आडवा, हे सांगत नाही. वर्णपटातून रेणूच्या बाबतीत तेही कळू शकते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आमच्या भोवती पत्रे रंगवण्याचे काम रोज चालते. रंग टिकेल की पोपडे सुटतील, हे धातूला लागून बसलेल्या रेणूंच्या थरावरही अवलंबून असते.

गुळगुळीत धातूवर अवरक्त किरण टाकले, की ज्या कंपनांत विद्युतभार पृष्ठभागाला लंब दिशेने सरकतो, त्यांच्याच रेषा दिसतात. कारण वर्गात दाखवता येते. पेन्सिलीच्या टोकांना धन व ऋण चिन्हे लावून ती आरशावर धरावी आणि प्रतिबिंबातील चिन्हे उलटी मानावीत. धातूतील इलेक्ट्रॉन अशीच उलटी प्रतिमा घडवतात. आडव्या पेन्सिलीचा परिणाम प्रतिमेमुळे पुसला जातो, उभीचा वाढतो. म्हणून न दिसलेली रेषा हाही पुरावा ठरतो.

परंतु ‘रेषा नाही, म्हणजे रेणू आडवा’ असे सरसकट लिहिण्याला आमचा आक्षेप आहे. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेले विकिरण फार क्षीण असते. १९७४ मध्ये फ्लाइशमन, हेंड्रा व मॅकक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीवरील पिरिडिनचा ठळक रामन वर्णपट मिळाला. क्षेत्रफळ वाढल्याने जास्त रेणू चिकटले, असा त्यांचा तर्क होता. १९७७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की ही वाढ लाखपटीच्या घरात आहे. क्षेत्रफळाने तिचा उलगडा होत नाही.

शिवाय अशा चांदीवर प्रत्येक उंचवट्याचा लंब वेगळा. जेन्शन व्हायोलेटसारखा रंगद्रव्याचा रेणू लेसरचा प्रकाश स्वतः शोषत असेल, तर काही रेषा त्यामुळेच उठून दिसतात. लेसरचा रंग बदलून आणि दुसऱ्या पद्धतीने ताडून पाहिल्याशिवाय रेणूच्या बसण्याविषयी निर्णय देऊ नये.

तेव्हा ठशाची उपमा टाकू नये. तिला एक प्रश्न जोडावा: ही रेषा न दिसण्याची आणखी कोणती कारणे असतील? याच मुलांपैकी काही उद्या एखाद्या पेंट शॉपमध्ये पोपड्याचे कारण शोधतील. तेथे पहिल्या सुचलेल्या कारणावर थांबणे महागात पडते.