बिस्क बाहेर करून आणलंय

हल्ली नागपुरात सिरॅमिकचं प्रदर्शन पाहायला गेलं की भांड्यापुढच्या चिठ्ठीवर ग्लेझचं नाव असतं, संकल्पनेवर लांबलचक परिच्छेद असतो. पहिली भाजणी कुठे आणि कशी झाली, याचा मात्र पत्ता नसतो. विचारलं तर कळतं, बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची ही पहिली भाजणी, बाहेर करायला दिलं होतं. शिंप्यानं काजं-बटणांसाठी सदरा दुसऱ्याकडे धाडावा, तसं.

अशाच एका देखण्या निळ्या वाडग्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती. कलावंताच्या लेखी ती चांदणी रात्र होती. मला त्यात उरकून टाकलेलं बिस्क दिसलं. मातीत सेंद्रिय अंश असतो. साधारण 700 ते 900 अंशांच्या टप्प्यात पुरेशी हवा मिळाली तरच तो पुरता जळतो. तिथे भट्टी पळवली की भांडं वरून छान तांबूस, फोडावं तर मधोमध काळी रेघ. आत अडकलेला हाच अंश पुढे ग्लेझ वितळताना वायू होऊन वर येतो आणि फुटतो. बिस्कच्या सुरुवातीलाही शंभर अंशांखाली रेंगाळावं लागतं, नाहीतर उरल्यासुरल्या ओलीची वाफ भांड्याच्या ठिकऱ्या उडवते. 573 अंशांवर मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, उतरताना तसंच आकसतं. दोन्ही वेळा घाई नडते. हजाराच्या आसपास थांबायचं, म्हणजे भांडं पक्कं होतं आणि तरी ग्लेझचं पाणी पिण्याइतकं सच्छिद्र राहतं. यातलं काय बाहेर द्यायचं?

पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीनं 1971पासून भट्टीपाशी बसणारी माणसं घडवली. तिथल्याच रे मीकर यांनी तर मातीची अख्खी घरं जागच्या जागी भाजून पाहिली. शिल्पकार हिम्मत शाहांच्या टेराकोटातल्या डोक्यांना ग्लेझचा आधार लागला नाही. याउलट कॅफेतल्या रविवारच्या कार्यशाळांत फोटो चाकावरचा, भट्टी दुसऱ्याची. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

खरं तर आपल्याला पाँडिचेरीपर्यंत जायचीही गरज नाही. विदर्भातच टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथल्या शिलावर्तुळांच्या उत्खननांत पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळी-तांबडी भांडी मिळाली. आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. रंग लावलेला नाही. भांडं पालथं घालून भाजलं, आत धूर कोंडला तिथे मातीनं काजळी धरली, बाहेर हवा खेळली तिथे लोह लाल झालं, अशी त्याची सर्वसाधारण उकल. एका भाजणीत दोन रंग, आणि दोघांमधली ती हलती सीमा! ग्लेझच्या डब्यातून ही रेषा निघत नाही. विदर्भातल्या कलावंतानं अडीच-तीन हजार वर्षांचा हा वारसा सोडून परगावहून निळाई मागवावी, याला काय म्हणावं?

कंट्रोलरमध्ये आकडे भरले की झालं, असं मला ऐकवलं जातं. कंट्रोलरला भट्टीतल्या एका जागेची उष्णता कळते, मडक्याच्या पोटातली नाही. शहरात धूर चालत नाही, हे दुसरं उत्तर. वस्तीत नकोच. पण शहराबाहेर एक साधी भट्टी बांधणं कला महाविद्यालयांना न झेपण्याजोगं आहे का? जळण शोधायलाही नको. लकडगंजच्या आरामशीनींतून भुशाच्या गोण्या निघतात. बिस्क झालेलं भांडं त्या भुशात पुरून धुमसू दिलं की जो काळा उतरतो, त्यासाठी रसायनांचं दुकान गाठावं लागत नाही. शिकवणारेही आहेत. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभारला तो कुंभारकामासाठीच. तिकडे विद्यार्थ्यांची सहल नेऊन भागणार नाही, त्यांना भट्टी पेटल्यापासून थंड होईपर्यंत तिथे बसवायला हवं.

आणि प्रदर्शनांच्या निवड समित्यांनी प्रत्येकाकडून त्याच भाजणीतला एक फोडलेला तुकडा मागवावा. काळी रेघ निघाली, तर ती मुद्दाम ठेवली की राहून गेली, हे कलावंताला सांगता आलं पाहिजे. कलावंत चिडतील. चिडू देत; बिस्क बाहेर देणाऱ्यांनी निदान भट्टी लावणाऱ्याचं नाव तरी चिठ्ठीवर घालावं.