मुखवट्यामागची लुइसा अल्कॉट

शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे लुइसा मे अल्कॉट ही अमेरिकन लेखिका मराठी वाचकाला घरचीच वाटते. चार बहिणी, सोशिक आई, युद्धावर गेलेले वडील, गरिबी आणि गरिबीतला सात्त्विक आनंद. ‘लिटल विमेन’ १८६८ साली आले आणि लुइसाबाई कायमच्या ‘मुलींच्या लेखिका’ ठरल्या. पण त्याआधीची पाच-सहा वर्षे हीच बाई खून, सूड, बनावट नावे आणि फसवणूक यांनी भरलेल्या रहस्यकथा साप्ताहिकांना पुरवीत होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

वडील तत्त्वज्ञ, विचारांनी थोर. पण घरखर्चाच्या बाबतीत त्यांचा उपयोग नव्हता. लुइसाने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, घरकाम केले. मग तिच्या ‘पॉलीन्स पॅशन अँड पनिशमेंट’ या सूडकथेला एका सचित्र साप्ताहिकाचे शंभर डॉलरचे बक्षीस मिळाले. ती कथा जानेवारी १८६३ मध्ये निनावी छापली गेली. पुढच्या बऱ्याच कथांवर ‘ए. एम. बर्नार्ड’ हे नाव पडले. बोस्टनचा प्रकाशक खरे नाव द्या म्हणून मागे लागला, तरी बाईंनी ते दिले नाही. लिओना रोस्टेनबर्ग यांनी जुन्या पत्रांवरून हे गुपित शोधून १९४३ मध्ये जाहीर केले. मॅडेलिन स्टर्न यांनी त्यातल्या निवडक कथा १९७५ मध्ये पुस्तकरूपाने आणल्या.

या कथांना ‘पोटासाठी केलेले लेखन’ म्हणून बाजूला सारण्याची समीक्षकांची सवय मला मान्य नाही. ‘बिहाइंड अ मास्क’ (१८६६) ही दीर्घकथाच पाहा. जीन म्यूर नावाची गरीब शिक्षिका एका श्रीमंत इंग्रज घरात नोकरीला येते. वय एकोणीस, चेहरा फिकट, वागणे नम्र. पहिल्याच संध्याकाळी ती भुकेने मूर्च्छित पडते. रात्री खोलीचे दार लावून घेते, खोट्या वेण्या उतरवते, खोटे दात काढते, आणि आरशात तिशीची, थकलेली, एकेकाळची नटी दिसते. इथून पुढे रहस्य ‘ही कोण’ हे उरतच नाही, कारण वाचकाला ते ठाऊक झालेले असते. ‘ही पकडली जाईल काय’ एवढाच प्रश्न उरतो, आणि ती पकडली जाऊ नये असे वाचकाला वाटू लागते. शेवटी तिची पत्रे घरच्यांच्या हाती लागतात. पण तोवर तिने घरातल्या म्हाताऱ्या सरदाराशी निकाह उरकलेला असतो (आपल्या भाषेत सांगायचे तर), आणि तो पुरावाच जाळून टाकतो. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. चांगली बाई म्हणजे काय, तर नोकरी टिकवण्यासाठी रोज वठवायची भूमिका, हे लुइसाबाई ‘चौघीजणी’च्या जगात कधी इतक्या उघडपणे बोलल्या नाहीत.

उलट तिथे ज्यो स्वतःच अशा सनसनाटी कथा लिहिते, प्राध्यापक भाएर नापसंती दाखवतात आणि ती सगळे कागद चुलीत घालते. वाचकाला वाटते, मुलगी सुधारली. लेखिकेने मात्र आपले कागद जाळले नव्हते.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी ‘इस्लाहुन्निसा’ १८८१ साली लिहिली. ती छापायला १८९४ उजाडले, आणि लेखिकेची ओळख कुणाची मुलगी, कुणाची आई अशीच दिली गेली. नज्र सज्जाद हैदर प्रथम ‘बिन्ते नज्रुल बाकर’ म्हणून लिहीत. आमच्या कासा गावी घरात ‘बहिश्ती जेवर’ फळीवर असे. स्त्रियांनी काय वाचू नये याची यादी त्यात आहे आणि कादंबऱ्या तिच्यात येतात. इब्ने सफी मात्र फुफीच्या उशाखाली. आजही आपल्या बहिणींच्या कथेत आपण आधी प्रबोधन शोधतो. तलाक, हुंडा, शिक्षण हे विषय हवेतच. पण एखादीने निव्वळ रहस्यकथा आणली तर आपले संपादक भाएरसाहेबांचाच चेहरा करतात.

सगळेच बर्नार्ड-लेखन सारख्या तोलाचे नाही. ‘लॉस्ट इन अ पिरॅमिड’ (१८६९) या कथेत इजिप्त म्हणजे ममी, शाप आणि विषारी फूल एवढेच; तिथला माणूस वाट दाखवण्यापुरता. हशीशवरची कथा तर पूर्वेचा मसाला लावलेली प्रेमकथाच. पण ‘अ लाँग फेटल लव्ह चेस’ वाचावीच. रोझामंड ही तरुणी ज्याच्यावर प्रेम करते तो आधीच विवाहित निघतो. ती पळते, तो देशोदेशी माग काढत येतो, आणि ती सुटते ती मेल्यावरच. १८६६ मध्ये प्रकाशकाने ही कादंबरी फार लांब आणि फार भडक म्हणून परत केली. ती छापली गेली १९९५ साली, लुइसाबाईंच्या मृत्यूनंतर एकशे सात वर्षांनी, आणि या वेळी मुखपृष्ठावर त्यांचे खरे नाव होते.