पुनरन्वयार्थ : एका संज्ञेची व्याप्ती

‘रीइंटरप्रिटेशन’ या संज्ञेला मराठीत एकच एक प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. संस्कृतातील ‘व्याख्या’ मराठीत येता येता लक्षणकथनापुरती आक्रसली. त्यामुळे ‘पुनर्व्याख्या’ म्हटले की नव्याने लक्षण सांगणे असाच बोध होतो. ‘पुनरन्वयार्थ’ हा शब्द उच्चारायला जड खरा, पण त्याच्या घडणीत एक शिस्त आहे. ‘पुनर्’ म्हणजे केवळ ‘पुन्हा’ नव्हे. ‘माघारी’ हाही त्याचा अर्थ आहे. आणि श्लोकाचा अन्वय लावताना पदांचा क्रम बदलण्याची मोकळीक असली, तरी एखादे पद सोडून देण्याची नसते. बाहेरून पद घ्यावे लागलेच, तर तो अध्याहार आहे हे मान्य करावे लागते.

आज मात्र पौराणिक व्यक्तिरेखा घेऊन लिहिलेली कोणतीही कादंबरी वा नाटक ‘पुनरन्वयार्थ’ ठरते. प्रबंधांच्या शीर्षकांत तर ही संज्ञा शोभेपुरतीच उरली आहे. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. दोहोंना एकच संज्ञा लावण्याने त्यांतील मूलभूत भेद पुसला जातो.

‘युगान्त’मधील ‘पितापुत्र’ या लेखात विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, असा प्रश्न उपस्थित केला आहे. विदुर हा धर्माचा अवतार. युधिष्ठिर धर्मापासून झालेला. आणि अखेरीस अरण्यात विदुर योगबलाने युधिष्ठिराच्याच देहात प्रवेश करतो. रूढ वाचनात सुटे राहणारे हे धागे येथे एका अन्वयात येतात. तो अन्वय नाकारता येतो. व्यासांचा नियोग उघडपणे सांगणारे महाकाव्य येथेच का लपवील, असा आक्षेप घेता येतो, आणि विदुराच्या दासीपुत्रत्वाकडे बोट दाखवून त्याला उत्तरही देता येते. पण स्वीकार असो वा नकार, वाद महाभारताच्या आतच चालतो.

‘मृत्युंजय’बाबत असा वाद संभवत नाही. वृषालीला आणि शोणाला स्वतंत्र निवेदन देणारी ही कादंबरी आपला कर्ण स्वतः घडवते. महाभारतातील पुरावे काढून तिचे खंडन करणे हे तिच्यावर अन्याय करणारे, आणि ते पुरावे काढून तिचे समर्थन करणेही तितकेच व्यर्थ. ती पटते की नाही, हा कादंबरीकलेचा प्रश्न आहे. तिला ‘पुनर्निर्मिती’ म्हणण्यात कोणतेही न्यूनत्व नाही. उलट जे आरोप तिच्यावर नाहक होतात, त्यांतून तिची सुटका होते.

खरी कसोटी लागते ती महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’पाशी (१८७३). वामन-बळीच्या कथेची त्यांनी केलेली मांडणी या शिस्तीत बसते का? त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होण्याजोग्या नाहीत, आणि तेवढ्यावर ती मांडणी स्वैर ठरवणारे समीक्षक आहेत. माझ्या मते ते चुकतात. ओवाळताना घरोघरच्या स्त्रिया बळीचे राज्य येवो असे म्हणतात, याकडे फुले लक्ष वेधतात. बळीला पाताळात घालणे हे जर धर्मकृत्य होते, तर त्याच्या परतण्याची इच्छा कशासाठी? रूढ अन्वयात हे पद शिल्लक राहते. व्युत्पत्ती गळून पडल्या तरी ते जागचे हलत नाही. मात्र हे पद पोथीत नाही, आचारात आहे. ‘पुनर्’ म्हणजे माघारी जाणे असेल, तर कुठे माघारी जायचे आणि संहितेची पदे कोणी मोजायची, हे आजवर पोथी बाळगणाऱ्यांनीच ठरवले होते.

बळीला वर्षातून एक दिवसाचे राज्य पुराणांनीच दिले आहे, असे प्रत्युत्तर यावर देता येईल. मग ती तरतूद पुराणांना का करावी लागली, याचा अन्वय लावणे प्रत्युत्तर देणाऱ्याकडे राहते.