पडद्यासमोर कोण बसतो?

चित्रपट क्लबाविषयी लिहिताना आपल्याकडचे टीकाकार बहुधा एकच प्रश्न विचारतात : तिथे कोणते चित्रपट दाखवले जातात? प्रश्न खोटा नाही. पण अपुरा आहे. ज्या समाजव्यवस्थेत विहिरीला, देवळाला आणि ग्रंथाला पहारे होते, तिथे पडद्यालाही दार असणारच. म्हणून आपण दुसरा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्या पडद्यासमोर कोण बसतो? आणि दिवे लागल्यावर बोलतो कोण?

सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ साली अशा संस्थांचा महासंघ झाला आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. धंदेवाईक सिनेमापलीकडचे जग या चळवळीने आपल्यापर्यंत आणले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची रचना पाहा. खेळ फक्त सभासदांसाठी, आणि सभासदत्व वर्गणीने. खेळ खाजगी म्हणून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावाचून परदेशी चित्रपट दाखवण्याची सवलतही या संस्थांना मिळाली. म्हणजे वर्गणी भरणारा प्रेक्षक सुजाण, आणि पुढच्या बाकावर बसून शिट्टी मारणारा मात्र बिघडून जाईल, असे गृहीत त्या सवलतीत दडलेले होते. जात कुठे लिहिलेली नव्हती. ती लिहावी लागत नाही.

आता क्लबांत ‘कल्ट’ आणि ‘लो-बजेट’ चित्रपटांचे कौतुक असते. तिकीटबारीवर पडलेला, पण मूठभर चाहत्यांनी पुन्हा पुन्हा पाहून जिवंत ठेवलेला तो कल्ट चित्रपट. ही व्याख्या मान्य केली, तर आपल्या वस्त्यांत असे चित्रपट कमी नाहीत. ‘भीमगर्जना’ हा बाबासाहेबांवरचा मराठी चित्रपट १९९० सालचा. मोठ्या बोलपटगृहांचा तो लाडका नव्हता. जयंतीच्या दिवसांत वस्तीवस्तीत बाबासाहेबांवरचे असे चित्रपट लावले जातात आणि लोक ते पुन्हा पुन्हा पाहतात. परंतु अशा चित्रपटांना कुणी कल्ट म्हणत नाही. अमेरिकेतल्या मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होते तेव्हा ती अभिरुची. आपल्या चौकात गर्दी होते तेव्हा ती भाबडी भक्ती! मोजण्याचे माप कुणाच्या हातात आहे, ते इथे स्पष्ट होते.

खर्चाचेही तसेच. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागाच्या त्या गावात त्यांचे व्हिडिओ पार्लर होते. गावातलीच माणसे नट झाली. सायकलीवर बसून कॅमेरा धावला, बैलगाडी क्रेन झाली. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटामुळे ही गोष्ट जगभर गेली. मागाच्या खडखडाटात दिवस घालवणारा माणूस स्वतःला पडद्यावर पाहू इच्छितो, ही त्यातली खरी बाब. क्लबाला मात्र बैलगाडीची क्रेन गमतीची वाटते. गरजेतून आलेली युक्ती त्याच्या लेखी ‘शैली’ होते.

सोलापूरही मागांचेच शहर. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. चादर-टॉवेल विणणारे तेलुगू भाषक विणकर आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बाया यांच्या श्रमावर हे शहर उभे आहे. याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. नगरला संज्ञापनाचे शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ साली ‘फँड्री’ आला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ‘फँड्री’ हा पाहण्याविषयीचा, बघ्यांविषयीचा चित्रपट आहे.

कैकाडी कुटुंब गावाची डुकरे पकडते आहे आणि गाव ते पाहते आहे. वर्गातली पोरे पाहतात, टवाळ पोरे पाहतात, जब्याला जी आवडते ती शालूही पाहते. गावाला ती फुकटची करमणूक आहे. जब्या भिंतीआड लपतो तो डुकराच्या भीतीने नव्हे, नजरांच्या भीतीने. राष्ट्रगीत सुरू होताच ते कुटुंब ताठ उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. पुढे मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. आता क्लबाच्या गारेगार सभागृहात त्या दगडावर चर्चा होते ती चौकटीच्या रचनेची आणि ध्वनीच्या वापराची. ही चर्चा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्यावर दगड आला त्याने दगडाच्या गोलाईची तारीफ करावी, यात काहीतरी चुकते आहे.

दुसरा मार्ग कुणी दाखवलाच नाही, असे नाही. केरळात जॉन अब्राहम आणि ओडेसा या गटाने लोकांकडून पैसा गोळा केला, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव चित्रपट दाखवले आणि त्याच लोकवर्गणीतून १९८६ साली ‘अम्मा अरियन’ हा चित्रपट उभा केला. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होतो तो ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या, दहा जणांचा बळी घेणाऱ्या गोळीबारातून आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येतून. तीन तासांहून मोठा हा चित्रपट २०१२ साली भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत लोकांसमोर लागला. ज्यांचे दुःख त्यात आहे तेच पहिले प्रेक्षक झाले. क्लब याला म्हणावे.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. दार बंद आहे अशी तक्रार करताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. बाबासाहेबांवरचा चित्रपट आपण हात जोडून पाहतो. तो चित्रपट म्हणून कसा आहे हे विचारणारा कार्यकर्ता आपल्याला फितूर वाटतो. ज्यांनी आयुष्यभर चिकित्सा शिकवली, त्यांच्या नावावर चिकित्सा बंद करणे ही कसली निष्ठा? आणि आपल्या चौकातल्या खेळांनाही पुढे पुरुष बसतात, बाया मागे उभ्या राहतात. स्वयंपाक आटोपून त्या येतात तोवर अर्धा चित्रपट संपलेला असतो.

म्हणून सोलापुरात चित्रपट क्लब चालवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आधी जागा बदलावी. कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिथे एक पांढरी चादर बांधली की पडदा झाला. चादरींच्या गावात तेवढी तर मिळेल! वेळ बायांना विचारून ठरवावी. मराठीबरोबर तेलुगूतही बोलू द्यावे. ‘फँड्री’ही दाखवावा, ‘भीमगर्जना’ही आणि परदेशी चित्रपटही, आणि प्रत्येकाची सारखीच कठोर चिकित्सा व्हावी. खेळ संपल्यावर पहिला शब्द त्या माणसाचा असावा, ज्याला आजवर कुणी ‘तुला काय वाटले?’ असे विचारलेले नाही. त्याचे बोलणे अडखळेल. त्यात चौकट आणि ध्वनी हे शब्द नसतील. पण दगड कुणी मारला आणि का मारला, हे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.